डिस्क बोलायला लागली, पण कोण बोलतंय ते तिने विचारलंच नाही

तीनवायरी
विभाग: तंत्रजगत

गेल्या आठवड्यात एक साडेतीन इंची हार्ड डिस्क आली. मालक लग्नाचे फोटो काढणारा. तीन सीझनचं काम तिच्यात आणि बॅकअप अर्थातच नाही. (बॅकअप ठेवणारं गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढतच नाही, त्यामुळे मनुष्यजातीबद्दलचं माझं मत जरा एकांगी आहे.) डिस्क फिरत होती, टकटक आवाज नव्हता, पण कॉम्प्युटरला दिसत नव्हती. कंपनीचं नाव घेत नाही, मरतात सगळ्यांच्याच.

साटा कनेक्टरच्या बाजूला चार बारीक पिना होत्या. बघणाऱ्याला वाटतं जम्परच्या असतील. त्यातल्या तीन घेतल्या: ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची). दुसऱ्या टोकाला तपकीर गल्लीतून आणलेला दीडशे रुपयांचा यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर, म्हणजे डिस्कचं सिरियल पोर्ट कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारा तुकडा. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं, वेग ३८४००, कंट्रोल-झेड. काहीच नाही. टीएक्स-आरएक्स उलटे जोडले होते, एवढी वर्षं झाली तरी ही चूक होतेच. वायरी अदलाबदल केल्या, पुन्हा कंट्रोल-झेड, आणि काळ्या पडद्यावर प्रॉम्प्ट येऊन उभा राहिला.

आत गेल्यावर डिस्क सांगाल ते करते. मोटर थांबव, थांबवते. अमुक सेक्टर दाखव, दाखवते. रॅममधल्या या पत्त्यावर हा बाईट लिही, लिहिते. ट्रान्सलेटर (कुठला डेटा तबकडीवर कुठे आहे याचा तक्ता) बिघडला होता, तो नव्याने बांधायला लावला. अर्ध्या तासात फोटो दिसायला लागले. फोटोवाला संध्याकाळी पेढे घेऊन आला.

पेढा खाताना डोक्यात किडा वळवळला. मला पासवर्ड कोणी विचारला? डिस्कने तर नाही. फोटोवाल्याच्या विंडोजला पासवर्ड होता, तो या वाटेवर कुठे आडवाच आला नाही. हे पोर्ट माझ्यासाठी देव आहे, पण जी डिस्क मी उघडतो ती दुसराही कोणी उघडू शकतो. यातल्या जाणकारांनी सांगावं, हे किती गंभीर आहे? एसएसडीमध्येही असंच असतं का?

प्रतिसाद

खोडरबर
लॅमिंग्टन रोडवरून रामराम. तुमची डिस्क कुठली ते विचारत नाही. पण टर्मिनल म्हटलं की मला २००९ आठवतं. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेत फर्मवेअरची (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामची) चूक निघाली होती, चालू डिस्क बंद करून परत सुरू केली की एखाद्या दिवशी कायमची 'बिझी' होऊन बसायची. डेटा सगळा जागेवर, पण दार आतून बंद. कंपनीने नवं फर्मवेअर काढलं, पण आधीच अडकलेल्यांना ते चढवणार कसं? जगभरच्या हौशी लोकांनी याच सिरियल पोर्टमधून त्या डिस्का जिवंत केल्या. बोर्डाचे स्क्रू सैल करून मोटरच्या संपर्कांखाली व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवायचा, कमांड द्यायची, कार्ड ओढून काढायचं. माझ्या ड्रॉवरमध्ये अजून एक कार्ड आहे, कोपरे कापलेलं.

शंकासुर
लेख छान, पण घाबरायचं नक्की कशाला? डिस्क ज्याच्या हातात, डेटा त्याचा. हे तर पहिल्या दिवसापासून आहे. एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा डेटा गुंतवून ठेवणं) नसेल तर पोर्ट कशाला, डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावली की झालं. सुताराने कुलूप उघडलं म्हणून कुलपाच्या कारखान्यावर मोर्चा नेत नाहीत.

तीनवायरी
एन्क्रिप्शन नव्हतं हे खरं. म्हणूनच विचारतोय की असतं तर?

पवनचक्की
'असतं तर' याचं उत्तर माझ्या घरापासून पाऊण तासावर मिळालं होतं, म्हणून लिहितो. नेदरलँड्समधल्या नायमेखेनला रॅडबाउड विद्यापीठ आहे. तिथल्या कार्लो मायर आणि बर्नार्ड फान गास्टल या दोघांनी नेमक्या अशाच एसएसडी घेतल्या, ज्यांच्या खोक्यावर हार्डवेअर एन्क्रिप्शनची जाहिरात असते. क्रुशलच्या एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ, ८५० ईव्हीओ, शिवाय टी३ आणि टी५ या खिशात मावणाऱ्या. कंपन्यांना त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये कळवलं आणि ५ नोव्हेंबर २०१८ ला जाहीर केलं.

एमएक्स१०० ची गोष्ट ऐका. बोर्डावर जेटॅगचे, म्हणजे चिप तपासायच्या पोर्टचे, पॅड उघडे. जेटॅग जोडून त्यांनी कंट्रोलरचा (डिस्क चालवणाऱ्या चिपेचा) प्रोसेसर थांबवला, रॅममध्ये पासवर्ड तपासणारा जो कोड होता तो बदलला, प्रोसेसर परत चालू केला. मग पासवर्डच्या जागी वाटेल ते टाकलं. डिस्क उघडली.

आता यात दोष जेटॅगचा किती? डेटा खरोखर एन्क्रिप्टेड होता, एईएस ही भक्कम पद्धत, सगळं व्यवस्थित. पण ज्या किल्लीने तो बंद केला ती किल्ली पासवर्डवर अवलंबूनच नव्हती. डिस्क फक्त विचारायची, 'पासवर्ड बरोबर आहे का?' हो म्हटलं की स्वतःच्या पोटातली किल्ली काढून वापरायची. म्हणजे तिजोरी भक्कम, आणि तिची किल्ली वॉचमनच्या खिशात. जेटॅगने फक्त वॉचमनला मान डोलवायला लावली.

८४० ईव्हीओची भानगड तर आणखी मजेदार. तिथे पासवर्ड लावल्यावर किल्ली त्या पासवर्डात नीट गुंडाळून ठेवत होते. पण एसएसडी एकाच जागी पुन्हा लिहीत नाही, चिप झिजू नये म्हणून दरवेळी नव्या जागी लिहिते. त्यामुळे पासवर्ड लावायच्या आधीची, न गुंडाळलेली किल्ली जुन्या जागेत तशीच पडून राहू शकायची.

शंकासुर
हे माहीत नव्हतं, मान्य. तरी मुद्दा तोच. चोराला स्क्रू काढायला, पॅड शोधायला, प्रोसेसर थांबवायला निवांत वेळ हवा. शिवाय कौशल्य हवं. सामान्य माणसाच्या लॅपटॉपमागे कोण इतका लागणार?

चिपळूणची_चिप
शंकासुरजी, तुमच्या युक्तिवादात एक गफलत आहे. 'डिस्क हातात पडली की खेळ संपला' हे नेटवर्कच्या सुरक्षेत चालेल. पण डिस्क एन्क्रिप्शन माणूस विकत घेतो कशासाठी? लॅपटॉप गाडीतून चोरीला गेला तर, डिस्क दुरुस्तीला दिली तर, वॉरंटीत परत पाठवली तर. म्हणजे डिस्क परक्याच्या हातात जाणार हे गृहीत धरूनच ते विकलं जातं. छत्री विकायची आणि फाटल्यावर म्हणायचं, पावसात कशाला नेली?

मी स्टोरेजमध्ये नाही, पण बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत फर्मवेअर लिहिते, त्यामुळे ही पोर्टं का राहतात ते सांगते.

चिपा पूर्वी मोठ्या असायच्या, पाय बाहेर. सोल्डर नीट लागला की नाही हे मल्टिमीटरने बघता यायचं. पाय बारीक झाले, पुढे तर चिपेच्या पोटाखाली गेले, तेव्हा प्रश्न आला की जोडणी तपासायची कशी. १९८५ मध्ये फिलिप्ससारख्या युरोपीय कंपन्यांच्या पुढाकाराने एक गट जमला, 'जॉइंट टेस्ट अॅक्शन ग्रुप', त्याचंच लघुरूप जेटॅग. १९९० मध्ये ते आयईईई ११४९.१ हे मानक झालं. चार तारा, हवी तर पाचवी. मूळ हेतू फक्त एवढाच की कारखान्यात सोल्डरिंग तपासता यावं. मग प्रोसेसरवाल्यांनी त्याच तारांवरून डीबगिंग सुरू केलं. पाहुणा म्हणून आलेला घरजावई झाला.

तीनवायरींनी जे केलं ते युआर्ट, म्हणजे तेच सिरियल पोर्ट. युआर्ट म्हणजे फर्मवेअरशी गप्पा. फर्मवेअरने ठरवलं तर ते नाही म्हणू शकतं, पासवर्ड मागू शकतं. जेटॅग म्हणजे प्रोसेसरची मानगूट. थांब म्हटलं की मध्येच थांबतो, मेमरी वाचून घ्या, बदला, परत चालू करा. फर्मवेअरला पत्ताही लागत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या खिशातून पाकीट काढण्यासारखं आहे ते.

बंद का करत नाहीत? करता येतं. चिपेत फ्यूज असतात, कारखान्यातून निघताना शेवटच्या टप्प्यावर एक जाळला की जेटॅग कायमचं मेलं. पण मग सहा महिन्यांनी बिघडून परत आलेल्या बोर्डाचं शवविच्छेदन करायचं कसं, म्हणून क्वालिटीवाले आडवे येतात. मीटिंग होते. 'पुढच्या रिव्हिजनला बघू.' मी स्वतः अशा दोन मीटिंगांना बसलेय आणि दोन्हीमध्ये समोसे होते, निर्णय नव्हता.

आणि एक गैरसमज. बोर्डावरून पॅड काढून टाकले म्हणजे पोर्ट बंद झालं असं नाही. सिग्नल चिपेच्या पायापर्यंत येतोच. पॅड काढणं म्हणजे दारावरची नेमप्लेट काढणं.

पवनचक्की
घरजावई :) आवडलं. आयंटहोवेनला फिलिप्सची जुनी माणसं भेटतात अजून, त्यांना सांगतो.

नाना_डोंबिवली
नमस्कार मंडळी. मी निवृत्त, यातला नाही. अर्धं डोक्यावरून गेलं पण वॉचमनचं कळलं. माझी शंका अशी. दिवाळीच्या साफसफाईत मी दोन जुन्या डिस्का भंगारवाल्याला दिल्या. फॉरमॅट करून दिल्या होत्या. त्याने मिळून चाळीस रुपये दिले. त्यात आमच्या सोसायटीचे हिशेब आणि सगळ्यांची पॅन कार्डं होती. आता काय?

खोडरबर
नाना, साधं 'क्विक फॉरमॅट' म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच. त्यासाठी कोणाला जेटॅगसुद्धा लागत नाही, फुकट सॉफ्टवेअर पुरतं. झालं ते झालं, भंगारवाला बहुतेक अॅल्युमिनियम काढून मोकळा झाला असेल. पुढच्या वेळी फिरत्या डिस्केला ड्रिलने तीन-चार भोकं, तबकडीच्या आरपार. एसएसडी असेल तर भोक नेमकं मेमरीच्या चिपांतून जायला हवं, नाहीतर एक चिप शाबूत राहते. चष्मा घालून करा, काही तबकड्या काचेच्या असतात, फुटून उडतात.

सुमन_अकोला
आमच्या ऑफिसात जुने संगणक लिलावात काढताना बायोसमधून हार्ड डिस्कला पासवर्ड लावतात आणि फाइलवर 'डेटा सुरक्षित केला' असा शेरा मारतात. हे चालतं का हो? नव्या डेटा संरक्षण कायद्याचं परिपत्रक आल्यापासून साहेब घाबरलेत.

खोडरबर
सुमनताई, तो एटीए पासवर्ड. साध्या डिस्केत तो म्हणजे फर्मवेअरमधली एक नोंद: 'विचारल्याशिवाय सेक्टर देऊ नकोस.' एवढंच. खाली डेटा उघडा. आमच्या धंद्यात पीसी-३००० नावाचं रशियन कंपनीचं यंत्र असतं, बऱ्याच मॉडेलांवर ते हा पासवर्ड काही मिनिटांत काढतं. काही वेळा तर पासवर्ड डिस्कच्या सर्व्हिस एरियात (फर्मवेअरच्या राखीव जागेत) सरळ वाचता येतो. मी एकदा 'साईराम१२३' वाचलाय.

लिलावाआधी पुसाच. फिरत्या डिस्केवर एकदा पूर्ण शून्यं लिहिली तरी पुरतं, सात-सात वेळा लिहिणं ही जुनी अंधश्रद्धा. एसएसडीवर मात्र वरून लिहून भागत नाही, राखीव जागेत जुनं राहतं. तिला डिस्कची स्वतःची सॅनिटाइझ कमांड द्यायची.

चिपळूणची_चिप
सुमनताई, साहेबांना अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका दाखवा, डेटा पुसण्याबाबत लोक तिचाच आधार घेतात. आणि आपल्या २०२३ च्या कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल कमाल दंड २५० कोटींपर्यंत लिहिलाय. हा आकडा फाइलवर टाकला की शेरा आपोआप बदलतो.

शंकासुर
माघार घेत नाही, पण अर्धं पाऊल मागे. चोरीचं पटलं. मग हा प्रश्न: उघड्या पोर्टने फक्त डेटा वाचला जातो, की डिस्कमध्ये काही घुसवताही येतं?

पवनचक्की
येतं, आणि ते करूनही दाखवलंय. २०१३ च्या उन्हाळ्यात इथेच ओएचएम२०१३ नावाचा हॅकर लोकांचा मेळावा झाला, शेतात तंबू ठोकून. तिथे येरून डॉम्बर्गने वेस्टर्न डिजिटलची हार्ड डिस्क उघडली. कंट्रोलरवर जेटॅग सापडलं, आणि आत एक नाही, तीन एआरएम कोअर (छोटे प्रोसेसर) निघाले. तिसऱ्याला फारसं काम दिसेना, म्हणून पठ्ठ्याने त्याच्यावर लिनक्स कर्नल सुरू करून दाखवला. डिस्क जोडलेल्या कॉम्प्युटरवर नव्हे हं, खुद्द डिस्कच्या बोर्डावर.

तो गमतीचा भाग. गंभीर भाग असा की डिस्कच्या कॅशमधून (तात्पुरत्या मेमरीतून) जाणारा डेटा वाटेतच बदलणारा कोड त्याने डिस्कच्या फर्मवेअरमध्ये टाकला. सर्व्हरने पासवर्डची फाइल वाचायला मागितली की डिस्क रूट या मुख्य वापरकर्त्याच्या पासवर्डचा हॅश (सांकेतिक ठसा) बदलून देते. तबकडीवर मूळ फाइल शाबूत. हे चालू करायचं तर ठरलेले शब्द डिस्कवर लिहिले गेले पाहिजेत. त्यासाठी वेबसाइटला तसा पत्ता मागायचा, तो सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिला जातो, लॉग डिस्कवर जातो, डिस्क ओळखते. मालकाने घाबरून सगळं फॉरमॅट करून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली तरी हा पाहुणा आतच.

पोर्टचा उपयोग त्याला फर्मवेअर समजून घ्यायला झाला. एकदा समजलं की पुढे वायरींची गरज नाही, कॉम्प्युटरवरूनच फर्मवेअर बदलणारं साधन त्याने लिहिलं. धोक्याचं खरं टोक मला इथे दिसतं. पोर्ट एका डिस्केचं उघडं असतं, पण त्यातून जे शिकता येतं ते त्या मॉडेलच्या सगळ्या डिस्कांना लागू पडतं.

तीनवायरी
आई शप्पथ. माझ्या दुकानात डोनर बोर्डांचा (सुट्या भागांसाठी ठेवलेल्या जुन्या डिस्कांच्या बोर्डांचा) अख्खा डबा आहे, कुठून कुठून आलेले. आज रात्री त्यांच्याकडे पाठ करून झोपणार नाही.

चिपळूणची_चिप
यापुढची पायरीही होऊन गेलीय. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने 'इक्वेशन ग्रुप' नावाच्या टोळीबद्दल सांगितलं. डझनभराहून जास्त ब्रँडच्या डिस्कांचं फर्मवेअर बदलणारं मॉड्यूल त्यांच्याकडे होतं. लक्ष्य निवडक असायची, आणि त्या देशांच्या यादीत भारतही होता. त्यावर उतारा म्हणजे डिस्कने कंपनीची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर स्वीकारायचं. नव्या डिस्कांत ते येतंय. पण जेटॅग उघडं राहिलं की सही तपासणाऱ्यालाच गप्प करता येतं, म्हणजे परत वॉचमन.

खोडरबर
चिपताई, सगळं बंद करा म्हणणं सोपं आहे. आता बऱ्याच नव्या डिस्कांत टर्मिनल लावलं की पोर्ट लॉक्ड असल्याचं उत्तर येतं. आमची यंत्रं कंपनीचं फर्मवेअर वाकवून तो लॉक काढतात, पण ते यंत्र लाखांत जातं. म्हणजे काय झालं? ज्याच्याकडे पैसा आहे त्या चोराला वाट आहेच. दीडशे रुपयांच्या कन्व्हर्टरवर काम करणारा तीनवायरी तेवढा बाहेर. फोटोवाल्याने पेढे कोणाला द्यायचे?

चिपळूणची_चिप
खोडरबर, हा टोला बसला. पण मी 'सगळं बंद' म्हटलं नाही. किल्ली खरोखर पासवर्डातून निघत असेल तर पोर्ट उघडं ठेवा ना खुशाल. प्रोसेसर थांबवा, रॅम वाचा, बंद डिस्केत किल्ली मुळात नाहीच. मालकाने पासवर्ड दिला तर तुम्ही ट्रान्सलेटर बांधा, डेटा काढा. नाही दिला तर वॉचमनला कितीही बडवा, त्याच्या खिशात काही नाही. दुरुस्ती आणि सुरक्षा यांचं भांडण आहे असं कंपन्या दाखवतात, कारण लॉक लावणं स्वस्त पडतं.

खोडरबर
हे मात्र पटलं. पण पासवर्ड विसरलेल्या गिऱ्हाइकाच्या शिव्या कोण खाणार? मीच.

संपादक
मध्ये आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. चिनी मालावरचा वाद राजकारण विभागात न्यावा.

नाना_डोंबिवली
माझा आताचा लॅपटॉप मुलाच्या जुन्या ऑफिसचा आहे, २०१७ चा. त्यावर कुलपाचं चित्र दिसतं, विंडोजचं एन्क्रिप्शन, बिटलॉकर म्हणतात ते. मग मी निर्धास्त ना?

पवनचक्की
नाना, नेमका हाच प्रश्न त्या संशोधनातून पुढे आला. डिस्क 'मी स्वतः एन्क्रिप्ट करते' म्हणाली की त्या काळात बिटलॉकर तिच्यावर विश्वास टाकायचा आणि स्वतः काहीच करायचा नाही. म्हणजे चित्र कुलपाचं, भरवसा डिस्केचा. सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नव्याने लावलेल्या एन्क्रिप्शनसाठी हे उलटं केलं. आधी लावलेल्यांचं मात्र जसं होतं तसंच राहिलं.

तपासायला कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'मॅनेज-बीडीई', मोकळी जागा, वजाचं चिन्ह, 'स्टेटस' असं इंग्रजीत टाका. एन्क्रिप्शन मेथडसमोर एईएस दिसलं तर ठीक. हार्डवेअर एन्क्रिप्शन दिसलं तर बिटलॉकर पूर्ण बंद करून परत लावायचं. नुसतं सेटिंग बदलून भागत नाही. रिकव्हरी की (अडकल्यावर उघडायचा लांब आकडा) आधी कागदावर उतरवून कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको.

सुमन_अकोला
वाखू (वाचनखूण) साठवली. साहेबांना प्रिंट देते. समोशांचा परिच्छेद वगळून.

शंकासुर
माझ्याकडे एईएस आलं. हुश्श. कुलपाच्या कारखान्यावरचा मोर्चा तूर्त लांबणीवर.

तीनवायरी
फोटोवाला आज परत आला होता. नवीन पोर्टेबल एसएसडी घेतलीय, खोक्यावर ढालीचं चित्र. विचारत होता, 'आता बॅकअपची गरज नाही ना?' त्याला खुर्चीत बसवून वॉचमनची गोष्ट सांगितली. मग दुसरी एक साधी डिस्क घ्यायला लावली आणि दोन्हींवर व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पासवर्ड त्याने बायकोच्या वाढदिवसाचा ठेवला, तो बदलायला लावताना पंधरा मिनिटं भांडण झालं.

नाना_डोंबिवली
कमांड दिली. हार्डवेअर एन्क्रिप्शन, आणि पुढे आकड्यांची लांबलचक माळ. मुलाला फोन केला, त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं करून घेतलं, पॉलिसीमध्ये जाऊन काहीतरी बदलायला लावलं. बंद करायला एक मिनिट लागलं नाही, परत लावायला सकाळपासून बसलोय. त्रेचाळीस टक्के झालंय. चार्जर काढू नका असं हिला दोनदा सांगितलं, तरी मिक्सरसाठी एकदा काढलाच.